जुनी गाडी आणि अचानक आलेला मोठा खर्च: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे २०२५ मध्ये साताऱ्याला जाताना खंबाटकी घाटाच्या चढावर आमच्या २०११ च्या पेट्रोल गाडीचा तापमानाचा काटा वर गेला आणि बॉनेटमधून वाफ आली. गाडी टो करून पुण्यात आणली. पहिल्या गॅरेजने फोनवर सांगितलं, "इंजिन काम निघालंय, बासष्ट हजार धरून चला." शेवटी दुसरीकडे काम झालं ते ३१,४०० रुपयांत. मधले नऊ दिवस मी जे शिकलो ते ओळखीच्यांना सांगत गेलो, आणि तेच तेच प्रश्न पुन्हा येऊ लागले. म्हणून ही उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत.

गॅरेजमधून फोन आला, आकडा ऐकून घाम फुटला. आता लगेच काय सांगायचं?

"अजून काही खोलू नका, मी येतो," एवढंच सांगा. होकारही नको, नकारही नको. फोनवर दिलेला होकार पुढे तुमच्या गळ्यात पडतो, आणि रागात गाडी उचलून नेली तर झालेलं निदानही वाया जातं. बंद गाडी चार दिवस उभी राहिल्याने काही बिघडत नाही. घाई गॅरेजवाल्याला असते, कारण त्याची जागा अडलेली असते. त्याची अडचण खरी आहे, म्हणून त्याला दिवस सांगा: "गुरुवारपर्यंत कळवतो."

प्रत्यक्ष गेल्यावर एकच गोष्ट नीट विचारा: यातलं काय तपासून सापडलंय आणि काय अंदाजाने सांगताय? चांगला मेकॅनिक या प्रश्नाने रागावत नाही. आमच्या पहिल्या गॅरेजने प्रामाणिकपणे सांगितलं की त्यांनी इंजिन उघडलेलंच नाही, अशा गाड्यांना साधारण एवढा खर्च येतो म्हणून आकडा दिला. त्यांनी फसवलं असं मी म्हणणार नाही. पण त्या अंदाजावर मी गाडी विकायला निघालो होतो.

गाडी रस्त्यातच तापली तर?

शक्य तितक्या लवकर बाजूला घ्या, एसी बंद करा, इंजिन बंद करा. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका, आतलं पाणी दाबाखाली असतं आणि चेहरा-हात भाजतात. तापलेल्या इंजिनवर गार पाणी ओतू नका, धातूला तडा जाऊ शकतो. लगेच थांबता येत नसेल तर हीटर पूर्ण गरमवर लावा, तेवढीच इंजिनची उष्णता बाहेर येते.

आणि "थोडं थंड झालं की पुढच्या गावापर्यंत नेऊ" हे करू नका. छोट्या दुरुस्तीचं मोठं काम होतं ते त्या पाच किलोमीटरमध्ये. इंजिनचं हेड, म्हणजे वरचा झाकणासारखा भाग, ॲल्युमिनियमचं असतं. पुन्हा पुन्हा तापलं की ते वाकतं, मग हेड आणि खालचं इंजिन यांच्यामधली सीलबंद पट्टी, म्हणजे गॅस्केट, दाब धरत नाही. टोचे पैसे जड वाटतात, पण पुढच्या खर्चाशी त्यांची तुलनाच नाही. विम्याच्या पॉलिसीत रोडसाइड मदत घेतलेली आहे का, हे आजच बघून ठेवा.

निदान बरोबर आहे हे मला कसं कळणार? मला गाडीतलं काही कळत नाही.

सगळं कळायची गरज नाही. कुठल्या तपासणीतून कुठलं उत्तर मिळतं एवढं माहीत असलं तरी पुरतं. गाडी तापल्याचंच उदाहरण घेतो, कारण जुन्या गाडीत मोठं बिल अनेकदा तिथूनच सुरू होतं.

ऑइलच्या झाकणाला आतून ताकावरच्या सायीसारखा पांढरट थर दिसला, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर सतत येत असला, किंवा इंजिन चालू असताना कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) बाटलीत बुडबुडे येत असले, तर हेड गॅस्केटचा संशय घ्यायला जागा आहे. फक्त झाकणावरच्या थरावर जाऊ नका. थंडीत अगदी कमी अंतर चालवलेल्या गाडीतही असा थर जमतो.

पुढची पायरी म्हणजे कॉम्प्रेशन टेस्ट. प्रत्येक सिलिंडरचा (इंजिनमधल्या, पेट्रोल जळतं त्या नळकांड्याचा) दाब मोजून कागदावर लिहून घ्या. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरचाच दाब पडलेला असेल तर त्या दोघांमध्ये गॅस्केट फुटल्याची शक्यता मोठी. दाब कमी असलेल्या सिलिंडरमध्ये थोडं ऑइल टाकून पुन्हा मोजतात. आकडा वर आला तर पिस्टनभोवतीच्या रिंगा झिजल्या आहेत, आला नाही तर दोष व्हॉल्व्ह किंवा गॅस्केटमध्ये आहे. या एका अर्ध्या तासाच्या कामावर "रिंग-पिस्टन, बोअर सगळं" की "फक्त हेडचं काम" हे ठरतं. आमच्या गाडीत दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरचाच दाब कमी होता. बासष्टचे एकतीस झाले ते इथे.

यानंतर विचारायचा प्रश्न बरेच जण विसरतात: गाडी तापलीच का? गॅस्केट फुटलं हा परिणाम झाला. कारण थर्मोस्टॅट (कूलंटची वाट उघडणारी झडप) अडकलेला असेल, वॉटर पंप गळत असेल, रेडिएटर चोंदलेला असेल, होज पाइप चिरलेला असेल किंवा पंखा फिरत नसेल. आमच्याकडे पंख्याची मोटर गेली होती. वेगात असताना वाऱ्याने भागत होतं, घाटाच्या चढावर वेग कमी झाल्यावर ते उघडं पडलं. कारण न शोधता नुसतं गॅस्केट बदललं तर तेच काम पुन्हा निघतं, आणि दुसऱ्या वेळी लोक म्हणतात गाडीच खराब आहे.

गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून बिघाडाचे कोड वाचतात त्या स्कॅनरबद्दल एक सांगतो. स्कॅनर लक्षण दाखवतो, पार्टचं नाव सांगत नाही. "मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय" असा कोड आला तर हवेची नळी फाटलेली असू शकते, पेट्रोल पंप कमजोर असू शकतो, सेन्सर मळलेला असू शकतो. कोड वाचून थेट सेन्सर बदलायला सांगितलं तर आधी नळ्या तपासायला सांगा.

दुसऱ्या गॅरेजचं मत घ्यायला गाडी हलवायलाच लागते का?

नाही. अंगणात उभी गाडी बघायला येणारे मेकॅनिक प्रत्येक गावात असतात, भेटीचे पैसे घेतात, ते द्यावेत. पहिल्या गॅरेजला त्यांच्या तपासणीचे पैसे द्या आणि आकडे लिहून घ्या. फुकट मत मागत फिरलं तर कुणीच मनापासून बघत नाही.

एस्टिमेटचा कागद कसा वाचायचा?

आधी तो कागदावर किंवा व्हॉट्सॲपवर घ्या. त्यात पार्ट, लेबर, लेथवरचं काम, ऑइल-कूलंट आणि जीएसटी वेगवेगळे दिसले पाहिजेत. "इंजिन काम, एकूण इतके" अशी एकच ओळ असेल तर ते एस्टिमेट नव्हे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या पार्टवर जीएसटी १८ टक्के आहे. आमच्या बिलात बऱ्याच पार्टवर २८ टक्के लागला होता. जुन्या दराने केलेलं एस्टिमेट हातात असेल तर नवं करून मागा.

मग पेन घ्या आणि प्रत्येक ओळीसमोर खूण करा: आत्ता करायलाच हवं, खोललंच आहे म्हणून करून घ्यायचं, किंवा थांबू शकतं. मधला प्रकार सगळ्यात महत्त्वाचा. क्लचप्लेट बदलायला गिअरबॉक्स उतरवलाच आहे तर प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंगही बदलावं, कारण पार्टपेक्षा उतरवण्याचं लेबर मोठं असतं. टायमिंग बेल्ट बदलताना टेन्शनर बदलतात, आणि वॉटर पंप त्याच बेल्टवर चालत असेल तर तोही. हेड उतरवलंय तर ते लेथवर नेऊन सपाट आहे का आणि तडा आहे का बघतात, गरज असेल तर फेसिंग करतात, म्हणजे घासून सपाट करतात, व्हॉल्व्ह सील नवी घालतात. ज्या गाड्यांना कंपनीने हेडचे बोल्ट एकदाच वापरायचे सांगितलेत तिथे बोल्टही नवे. इथे पैसे वाचवू नका.

एसीचा गॅस, इंजिनची फाउंडेशन (ज्यावर इंजिन बसतं ते रबरी आधार), दरवाज्याचं कुरकुरणारं लॉक, डेंटिंग-पेंटिंग ही कामं त्याच यादीत घुसतात आणि आकडा फुगवतात. ती पुढच्या महिन्यात होतील.

ब्रेक आणि स्टेअरिंगचं काम पुढे ढकललं तर चालेल का?

नाही. टायरचंही नाही.

कंपनीचाच पार्ट घ्यावा, बाहेरचा, की जुना?

गाडीची कंपनी क्लच, फिल्टर, बेअरिंग, दिवे यांतल्या बहुतेक गोष्टी स्वतः बनवत नाही. पार्ट बनवणाऱ्या कंपन्या त्या बनवतात आणि तोच माल स्वतःच्या डब्यात बाजारातही विकतात. पुण्यात नाना पेठेत, मुंबईत कुर्ल्याला गाडीचं मॉडेल, वर्ष आणि चॅसी नंबर घेऊन गेलात तर असा पार्ट मिळतो. सुट्या पार्टच्या बाजाराचा प्रश्न भारतीय स्पर्धा आयोगापर्यंत गेला होता. ऑगस्ट २०१४ मध्ये आयोगाने १४ कारउत्पादकांना दंड केला आणि मूळ पार्ट खुल्या बाजारात मिळू द्या असं बजावलं. तेव्हा "हा पार्ट फक्त आमच्याकडेच मिळतो" हे वाक्य एकदा बाजारात फिरून तपासावं.

जुना, म्हणजे दुसऱ्या गाडीतून काढलेला पार्ट मी आरसा, दरवाजा, हेडलाइट, बंपर, सीट यांसाठी खुशाल घेईन. अल्टरनेटर किंवा स्टार्टर ओळखीच्या इलेक्ट्रिशियनने दुरुस्त करून दिलेला घेईन. ब्रेकचं काहीही, टायर, एअरबॅग, टायमिंग बेल्ट आणि रबरी वस्तू मात्र जुन्या घेणार नाही. आणि जुना पार्ट घेताना बिल मागाच. बिल न देणाऱ्याकडचा पार्ट चोरीच्या गाडीचाही असू शकतो.

दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या निम्मा होतोय. लोक म्हणतात, विकून टाक. खरंच विकावी का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि तो चुकीच्या बाजूने मांडला जातो असं माझं ठाम मत आहे. गाडीची बाजारातली किंमत ही विकणाऱ्यासाठी महत्त्वाची. तुम्हाला विकायची नव्हतीच, तुम्हाला रोज कामावर जायचं होतं, आईला दवाखान्यात न्यायचं होतं. म्हणून दुरुस्तीची तुलना ती केली नाही तर जे करावं लागेल त्याच्या खर्चाशी करा.

आमचा हिशोब असा होता. बंद गाडीला ४०,००० रुपये मिळत होते. चालू स्थितीत ९५,००० च्या आसपास. दुरुस्ती ३१,४००. तिच्या जागी बरी सेकंडहँड गाडी साडेतीन लाखांची. घरचे एक लाख घालून अडीच लाख कर्ज काढलं, व्याज वर्षाला १२ टक्के धरलं, तर तीन वर्षं महिन्याला सुमारे ८,३०० रुपये हप्ता. दुरुस्तीचे ३१,४०० रुपये तीन वर्षांवर पसरले तर महिन्याला ८७२. दर वर्षी आणखी वीस हजारांचं काहीतरी निघेल असं धरलं तरी महिन्याला अडीच हजारांच्या आसपास. शिवाय आलेली सेकंडहँड गाडीही टायर, बॅटरी, क्लच मागतेच, आणि तिचा इतिहास मला ठाऊक नसतो. माझ्या गाडीचा प्रत्येक खिळा मला माहीत आहे.

पण हा हिशोब प्रत्येक वेळी दुरुस्तीच्याच बाजूने जात नाही. कोकणात समुद्राजवळ राहिलेल्या गाडीची चॅसी गंजली असेल, लिफ्टवर चढवून स्क्रूड्रायव्हरने टोचल्यावर पत्रा आत जात असेल, तर इंजिनवर पैसे घालू नका. पुराच्या पाण्यात डॅशबोर्डपर्यंत बुडालेल्या गाडीची वायरिंग वर्षानुवर्षं त्रास देते. पहिलं मोठं काम झाल्यावर गिअरबॉक्सही आवाज करतोय असं मेकॅनिक सांगत असेल, तर दोन्ही आकड्यांची बेरीज करून मगच ठरवा. आणि घरात लहान मूल आलंय, गाडीत एअरबॅग नाही, रोज द्रुतगती मार्गावर जायचंय, असं असेल तर स्वस्त पडतंय म्हणून जुनी गाडी धरून ठेवू नये.

गाडीला १५ वर्षं होत आली आहेत. आता तिच्यावर खर्च करण्यात अर्थ आहे का? ती बंदच होणार ना?

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते, त्यानंतर तपासणी करून दर वेळी पाच वर्षांसाठी नूतनीकरण होतं. १५ वर्षं झाली की गाडी भंगारात, असा नियम महाराष्ट्रात खासगी गाड्यांना नाही. डिझेलला १० आणि पेट्रोलला १५ वर्षांची मर्यादा ऐकता ती दिल्ली आणि परिसराची.

मुदत संपण्याआधीच्या ६० दिवसांत फॉर्म २५ भरून अर्ज करायचा असतो. नूतनीकरणाचं शुल्क १ एप्रिल २०२२ पासून कारला ५,००० रुपये आहे, पूर्वी ते ६०० होतं. २० वर्षांवरच्या कारला ऑगस्ट २०२५ पासून १०,००० झालं. महाराष्ट्राचा पर्यावरण कर वेगळा. उशीर केला तर कारला दर महिन्याला ५०० रुपये जास्तीचे. विमा, पीयूसी चालू हवेत, आणि १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला नव्या पद्धतीची सुरक्षा नंबरप्लेटही हवी.

म्हणून चौदाव्या वर्षी मोठं काम निघालं तर मेकॅनिकला थेट विचारा, "ही पासिंगला उभी राहील का?" दिवे, ब्रेक, धूर, पत्रा, हॅन्डब्रेक याच गोष्टी तिथे बघतात. या खर्चाचा आकडा दुरुस्तीच्या आकड्यातच धरा.

विमा कंपनी काही देईल का?

झीज आणि यांत्रिक बिघाड यांना साधी पॉलिसी काहीही देत नाही. क्लच, रिंगा, एसी कॉम्प्रेसर, गॅस्केट हे सगळं त्यात येतं. पाणी तुंबलेल्या रस्त्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्ट करून इंजिन गेलं, तर इंजिन संरक्षणाचा जादा भाग घेतलेला नसल्यास दावा नाकारतात. पाण्यात बंद पडली तर किल्लीला हात लावू नका.

अपघात असेल तर पॉलिसी लागू होते, पण जुन्या गाडीला घसारा कापतात: प्लास्टिक-रबरावर ५० टक्के, दहा वर्षांवरच्या गाडीच्या धातूच्या भागांवरही ५० टक्के, काचेवर शून्य. दुरुस्तीचा खर्च विमा उतरवलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला तर गाडी पूर्ण नुकसानीत धरतात. पाच वर्षांवरच्या गाडीची ही किंमत तुमच्या आणि कंपनीच्या संमतीने ठरते. हप्त्याचे चारशे रुपये वाचवायला ती फार खाली आणू नका.

एवढे पैसे एकदम नाहीत. काय करावं?

गॅरेजशी बोला, बरेच जण पार्टचे पैसे आधी आणि लेबर पुढच्या पगाराला घेतात. सोन्यावरचं कर्ज सहसा वैयक्तिक कर्जापेक्षा कमी व्याजाचं असतं. क्रेडिट कार्डाच्या हप्त्यांवर प्रक्रिया शुल्क आणि त्यावरचा जीएसटी धरून हिशोब करा. वर्षभरात फिटणार नाही एवढं कर्ज जुन्या गाडीच्या दुरुस्तीसाठी काढू नये, कारण ते फिटण्याआधी पुढचं काम येऊ शकतं.

काम नीट झालं नाही, किंवा न विचारता बिल वाढवलं. काय करता येतं?

आधी शांतपणे बोला, लेखी. बदललेले जुने पार्ट परत मागायचा तुमचा हक्क आहे, पण ते गाडी देतानाच सांगावं लागतं, नंतर ते भंगारात गेलेले असतात. पक्कं बिल घ्या. त्याशिवाय पुढे काहीच चालत नाही.

"पैसे दिल्याशिवाय गाडी देणार नाही" असं गॅरेजने म्हटलं तर कायदा काही प्रमाणात त्यांच्या बाजूचा आहे. भारतीय करार कायद्याच्या कलम १७० प्रमाणे केलेल्या कामाचा मोबदला मिळेपर्यंत वस्तू ठेवून घेता येते. म्हणून वाद असला तरी पैसे भरा, बिलावर "आक्षेप नोंदवून रक्कम भरली" असं लिहा, गाडी सोडवा आणि मग तक्रार करा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. तिथे मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही.

विकायचीच ठरवली तर काय सांभाळायचं?

दोष सांगून विका. किंमत थोडी कमी येईल, पण घाटात कुणाचं तरी कुटुंब अडकणार नाही. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून गाडी दिली म्हणजे संपलं असं समजू नका. आरटीओच्या नोंदीत नाव बदलेपर्यंत कायद्याच्या नजरेत मालक तुम्हीच. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं की नोंदीवर ज्याचं नाव आहे तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार. नाव बदलल्याचं ऑनलाइन दिसेपर्यंत पाठपुरावा करा, फास्टॅग बंद करा, आणि विम्याचा नो क्लेम बोनस स्वतःकडे ठेवा, तो तुमच्या पुढच्या गाडीला लागतो.

भंगारात द्यायची असेल तर नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रातच द्या आणि ठेव प्रमाणपत्र, म्हणजे गाडी तिथे जमा केल्याचा दाखला, घ्या. त्यावर नव्या गाडीच्या करात सवलत मिळते. गल्लीतल्या भंगारवाल्याला दिलेल्या गाडीची नोंदणी तुमच्याच नावावर जिवंत राहते.

गाडी वडिलांची होती. हिशोब विकायला सांगतोय, मन तयार नाही.

मग त्या मनाचीही किंमत हिशोबात लिहा, लाजू नका. वर्षाला किती पैसे तुम्ही आनंदाने या आठवणीसाठी द्याल, तो आकडा ठरवा. माझ्या एका शेजाऱ्याने तसा ठरवला, आणि गाडी रोजच्या कामातून काढून फक्त रविवारी बाहेर काढतो. ज्या घरात मुलांच्या फीचे पैसे त्या गाडीत जात असतील तिथे मात्र फोटो काढून ठेवा, किल्लीची साखळी ठेवा आणि गाडी जाऊ द्या. वडिलांनी ती घरासाठीच घेतली होती.

दुरुस्ती झाली. आता पुढे काय बघायचं?

पहिले पंधरा दिवस रोज सकाळी, इंजिन थंड असताना, कूलंटच्या बाटलीतली पातळी बघा आणि पेनने खूण करा. पातळी खाली जात असेल तर लगेच परत न्या. साधं पाणी भरत राहू नका, आत गंज धरतो. पाचशे ते हजार किलोमीटरनंतर एकदा दाखवून या. लांबच्या प्रवासाआधी शहरातल्या गर्दीत अर्धा तास एसी लावून चालवा आणि पंखा सुरू होतो का ते कान देऊन ऐका. आम्ही कात्रजच्या घाटात दोनदा जाऊन आलो, मग साताऱ्याला निघालो. खंबाटकी चढताना काटा निम्म्यावर होता.